मालकांची उमेदवारी

आमच्या घरमालकांनी घराला चुना द्यायचं काम दोन दिवाळ्या अडवून धरलं होतं, कारण त्याला विरोध करायला कुणी तयार नव्हतं.

जुन्या जालन्यात त्यांचं माळवदाचं घर होतं. मागच्या बाजूला ते आणि काकू, पुढच्या खोलीत एक शिंपी आणि त्यांचं कुटुंब, आणि विहिरीलगतच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको. माझे यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला होते, मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. पोलीस ॲक्शन होऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेऱ्यांवरच्या उर्दू पाट्या उतरून मराठी पाट्या चढत होत्या, आणि निवडणूक, पक्ष, उमेदवार हे शब्द लोकांच्या तोंडात नवीन दातासारखे बसत होते. जीभ सारखी तिकडेच जायची.

मालकांच्या तोंडात ते सगळ्यांच्या आधी बसले. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आम्हा सगळ्यांना अंगणात बोलवत. विहिरीचा गाळ कधी काढायचा, दाराला कडी कुणी लावायची, असे ठराव मांडत आणि हात वर करायला लावत. बायकांनीही हात वर करायचा, आणि तोही आपल्या मनाने. शिंप्याची बायको आधी नवऱ्याकडे बघायची आणि मग हात वर करायची, म्हणून मालकांनी शिंप्याला भिंतीकडे तोंड करून बसवायला सुरुवात केली. त्याचं काही बिघडलं नाही. तो काजं करायला घेऊनच बसायचा.

चुन्याचा ठराव आला तेव्हा सगळ्यांचे हात वर गेले. मालकांनी विचारलं, विरोधात कोण? कुणीच नाही. "मंग पुढच्या महिन्यात," ते म्हणाले. पुढच्या महिन्यात तेच. एकाच बाजूनं ठरलेल्या गोष्टीवर आपला बिलकुल भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं. भिंतींचे पोपडे पडत राहिले. दुसरी दिवाळी गेल्यावर माझे यजमान वैतागून उठले आणि म्हणाले, माझा विरोध आहे, चुन्याने डोळे चुरचुरतात. मालकांचा चेहरा उजळला. त्यांनी यजमानांना समोर बसवून चुन्याचे दोष एकेक करून बोलून घेतले, मग दुसऱ्या बाजूला बोलू दिलं, मग मतं घेतली. यजमान एकटे पडले. दुसऱ्या दिवशी चुनेवाला दारात हजर होता आणि आमच्याकडे काकूंच्या हातचे लाडू आले. मालकांचा निरोप होता, हे हरलेल्या बाजूसाठी.

अंगाने ते उंच आणि वाळके. निजामाच्या राज्यात तहसिलीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढे कागद मांडायचे आणि साहेबाचा हुकूम लोकांना वाचून दाखवायचा. राज्य गेलं, नोकरी गेली, पण काळी शेरवानी सुटली नाही. ती घालून, काखेत बसायचा पाट मारून ते सभेला निघत. सभा कुणाचीही असो. सत्तेतल्या मोठ्या पक्षाची असो, शेतकऱ्यांच्या नावाने निघालेल्या पक्षाची असो की गिरणीकामगारांच्या पोरांची. मालक सगळ्यांत पुढे पाट मांडून बसत, भाषण संपेपर्यंत हलत नसत, आणि शेवटी उभे राहून एकच प्रश्न विचारत. "हे ठरवलं कुणी?"

वक्त्याने धरण बांधू म्हटलं, शाळा काढू म्हटलं, अमक्याला तिकीट दिलं म्हटलं, तरी मालकांचा प्रश्न तोच. लोक हसायचे. पुढे पुढे तर वक्ता थांबला की मागून पोरंच ओरडायची, "पेशकारसाहेब, उठा."

हा प्रश्न त्यांनी आणला कुठून, ते त्यांनी मला एकदा सांगितलं. मी विहिरीवर कपडे धूत होते आणि ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. निजामाच्या शेवटच्या काळात सरकार शेतकऱ्यांकडून लेव्हीचं धान्य घ्यायचं. तो हुकूम वाचायला ते परतूर तालुक्यातल्या आष्टीला गेले होते. चावडीपुढे माणसं जमली, यांनी उर्दूतून वाचलं, मग मराठीत सांगितलं. माणसांनी माना हलवल्या. तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली आणि तिने विचारलं, हे ठरवलं कुणी? मालक म्हणाले, सरकारनं. ती म्हणाली, मग सरकारनं मला इचारलं का न्हाई? शिपायाने तिला बाजूला ढकललं. यांनी पुढचा हुकूम वाचायला घेतला.

"उभी नोकरी वाचून दाखवण्यात गेली, बाई," ते म्हणाले. "मलाबी कुणी इचारलं न्हाई. पण मला इचारायचं सुचलंच न्हाई, तिला सुचलं."

शाळेत मला सगळे बाई म्हणत, म्हणून मालकही बाईच म्हणायचे.

ते आळीपाळीने सगळ्या पक्षांचे सभासद होऊन आले होते. मोठ्या पक्षात गेले तेव्हा त्यांना कळलं की उमेदवाराचं नाव हैदराबादहून येतं आणि इथल्या कमिटीने त्यावर टाळ्या वाजवायच्या असतात. तिथून शेतकऱ्यांच्या पक्षात गेले. तिथे भोकरदनकडच्या एका बड्या घरात चार माणसं बसत आणि पक्षाचं ठरवून टाकत. कामगारांच्या पक्षात चर्चा भरपूर होई, कधी कधी तर अख्खी दुपार चाले, पण शेवटी सेक्रेटरी खिशातून आधीच ठरलेलं काढत. प्रत्येक ठिकाणाहून मालक भांडण न करता, हात जोडून बाहेर पडले. घरी येऊन काकूंना म्हणाले, सगळ्यांचं वरूनच येतं. काकू ज्वारी पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, पाऊस बी वरूनच येतो. मालक म्हणाले, हो, पण तो आडतवाल्याच्या माळवदावर आणि आपल्या माळवदावर बराबर पडतो.

पण म्हणून ते पक्षांना नावं ठेवत नसत. पक्ष नकोतच असं कुणी म्हटलं की चिडायचे. अनेक पक्ष आहेत म्हणून तर माझा प्रश्न विचारायला तीन सभा मिळतात, एकच असता तर मला एकदाच हाकललं असतं, असं त्यांचं उत्तर असे. पुढे राज्यं बदलली. हैदराबाद मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. त्या आनंदाच्या सभेला आम्ही सगळे गेलो होतो. मालक फार थकले होते, पण पाट होता. सगळ्यांची भाषणं झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, कुणी विरोधात बोलणार आहे का? अध्यक्षांनी हसून त्यांना बसायला सांगितलं. ते बसले, आणि मी बघितलं तर त्यांचे डोळे वाहत होते. घरी येताना मला म्हणाले, "मला पाहिजेच होतं हे राज्य. पण इचारून घेतलेलं बरं."

त्यांच्या उमेदवारीची गोष्ट मात्र त्याच्या बऱ्याच आधीची, हैदराबाद राज्य अजून शाबूत होतं तेव्हाची.

नगरपालिकेची निवडणूक लागली होती. आमच्या वॉर्डातून मोठ्या पक्षाने एका आडतवाल्यांना उभं केलं. धान्याची आडत, मोठं दुकान, बोलायला मऊ, कुणाचं वाईट केलेलं नाही. आता समोर कोण, अशी चर्चा सुरू झाली, आणि समोर कुणीच नाही असं निघालं. तिन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी एका दुपारी बसून वॉर्ड वाटून घेतले होते. हा तुम्ही बिनविरोध घ्या, तो आम्हाला सोडा, नदीकडचा त्यांना द्या. खर्च वाचेल, गल्लीगल्लीत वैर होणार नाही.

मालक मोठ्या पक्षाच्या चिटणिसांकडे गेले. चिटणीस तरुण होते, हुशार होते, आणि मालकांना कंटाळलेले होते. त्यांनी समजावलं की माणूस चांगला आहे, सगळ्यांना मान्य आहे, मग निवडणूक कशाला? मालक म्हणाले, सगळ्यांना मान्य आहे हे तुम्हाला कळलं कसं? तिथून ते बाकीच्या दोन पक्षांकडे गेले. त्यांनी शब्द दिला होता. शब्द मोडता येत नाही, म्हणाले.

त्या आठवड्यात रविवार नसताना आमची अंगणात बैठक झाली. मालकांनी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही उभे राहता का? यजमानांची रेल्वेची नोकरी, त्यांना राहता येत नव्हतं. शिंप्याचं निम्मं गिऱ्हाईक आडतवाल्याच्या भाऊबंदांचं. माझी शाळेतली जागा अजून कायम झाली नव्हती, आणि शाळेच्या मंडळात चिटणिसांचे मामा होते. मालकांनी आम्हाला दोष दिला नाही. म्हणाले, मग मीच राहतो.

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पडलात तर लोक हसतील. निवडून आलात तर मी रडीन."

"निवडून कशाला येतो मी," मालक म्हणाले. "लोकांना पेटीपर्यंत जायला कारण पाहिजे, तेवढं कारण मी व्हतो."

अर्जावर सूचक म्हणून शिंप्याने सही केली. अनुमोदक मिळेना. मालक चार दारं हिंडले आणि शेवटी सरळ आडतवाल्यांच्याच दुकानात गेले. हे मी शिंप्याकडून ऐकलं, तो बरोबर होता. मालक म्हणाले, शेटजी, तुमच्या विरोधात उभा राहून राह्यलो, एक सही पाहिजे. दुकानातली माणसं हसायला लागली. आडतवाले हसले नाहीत. त्यांनी आपल्या पुतण्याला हाक मारली आणि सही करायला सांगितली. मग मालकांना म्हणाले, "पेशकारसाहेब, मला बी बरं वाटत नव्हतं. लोक म्हणतेत, शेटजी वाटणीत आले. निवडून आले म्हणत न्हाईत."

अर्ज मागे घ्यायच्या मुदतीत चिटणीस आमच्या अंगणात आले. आधी गोडीने बोलले. मालकांना शाळा कमिटीवर घेऊ, मान राहील. मालकांनी त्यांना चहा पाजला आणि ती कमिटी कोण निवडतं ते विचारलं. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा माणूस फीत घेऊन आला आणि घरापुढचा ओटा मोजून गेला. ओटा रस्त्यावर आला आहे, पाडावा लागेल, अशी नोटीस निघाली. त्याच ओट्यावर शिंप्याचं मशीन असायचं. ओटा गेला की त्याचं दुकान गेलं. त्याच संध्याकाळी शाळेत मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सांगितलं की राजकारणात पडू नका, पुढच्या महिन्यात तुमचा कागद मंडळापुढे जायचा आहे.

मी घरी आले ती पाय ओढत. मला वाटलं, मालक आता मागे घेतील, आणि खरं सांगायचं तर त्यांनी घ्यावं असं माझ्या मनात होतं. काकूंनीही तेच सांगितलं. मालक शिंप्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ओटा तुझ्या पोटाचा आहे, तू सांग, मागं घेऊ का? शिंप्याने मशीन थांबवलं. मग म्हणाला, "मला आजवर घराच्या बाहेर कुणी काय इचारलं न्हाई, मालक. तुमी इचारलं. राहू द्या उभं."

मुदत टळली. मालकांना चिन्ह मिळालं शिडी. शिडी चढणाऱ्यापेक्षा धरणारा महत्त्वाचा असतो, आपण धरणारे, असं ते सांगत सुटले.

मग त्यांचा प्रचार सुरू झाला, आणि तसा प्रचार जालन्यात कुणी पाहिला नव्हता. दारात जाऊन म्हणायचे, मत मला द्या असं मी म्हणत नाही, शेटजी चांगले आहेत, त्यांना दिलंत तरी चालेल, पण मतदानाला या. लोक विचारायचे, तुम्ही काय काम करणार? ते म्हणायचे, मला न्हाई माहीत, तुम्हीच सांगा. आणि लोक सांगायचे. मशिदीमागची नाली तुंबते. कुंभारगल्लीत दिवा नाही. बायकांना आडोसा नाही, उजाडायच्या आत उठून नदीला जावं लागतं. मालक हे सगळं ऐकून घेत आणि संध्याकाळी आडतवाल्यांच्या गादीवर जाऊन त्यांना सांगत, कारण निवडून तेच येणार होते, त्यांना माहीत असलेलं बरं. पहिले दोन दिवस आडतवाल्यांनी ऐकून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः धोतराचा सोगा हातात धरून मशिदीमागे नाली बघायला गेले. त्यांच्या उभ्या हयातीत ते त्या गल्लीत पहिल्यांदाच आले असावेत. लोक माळवदावर चढून बघत होते.

बायकांमध्ये काकू आणि मी जायचो. मी शाळेची वेळ टाळून, डोक्यावरून पदर घेऊन. आधीच्या मोठ्या निवडणुकीत मतदारयादी करताना कितीतरी बायकांनी नाव सांगायला लाजून अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगितलं होतं आणि त्यांची मतं गेली होती. काकूंचंही गेलं होतं. मालक तेव्हा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. या वेळी काकूंनी स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगून यादीत घातलं होतं, आणि आता त्या दारोदार विचारत होत्या, तुझं नाव हाय ना गं?

एका घरात एक बाई मला म्हणाली, "आम्ही शिडीलाच टाकणार. आजवर कोन आल्तं आमच्या दारात इचारायला?" शेजारणीही तेच म्हणाल्या. पुढच्या घरीही तेच. मी आनंदाने काकूंकडे बघितलं. काकूंचा चेहरा उतरला होता.

हे मालकांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पुरुषांमध्येही तेच बोललं जात होतं. त्याच सुमारास शेतकऱ्यांच्या पक्षाचे एक पुढारी मागच्या दाराने आले. वाटणीच्या वेळी शब्द देणारे हेच. आमची माणसं आतून शिडीला मत देतील, म्हणाले, फक्त निवडून आल्यावर आमचे म्हणा. मालकांनी विचारलं, "आणि पडलो तर कुणाचा?" पुढारी चहा अर्धा टाकून गेले.

त्या दिवसापासून मालकांचं जेवण सुटलं. ताटावर बसायचे, चतकोर मोडायचे आणि उठायचे. प्रचाराला जायचे, पण आवाज बारीक झाला होता. शेटजींना द्या, शेटजींनाच द्या, असं ते आता काकुळतीने सांगायला लागले, आणि जितकं सांगत तितके लोक म्हणत, केवढा मोठ्या मनाचा माणूस.

एका संध्याकाळी ते ओट्यावर एकटेच बसले होते. शिंपी मशीन झाकून आत गेला होता. मी शाळेतून आले तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, मी निवडून आलो तर काय होईल?

मी म्हटलं, चांगलं होईल, नाली होईल, दिवा लागेल.

"व्हणार न्हाई," ते म्हणाले. "विरोधाला कुणी न्हाई म्हणून मी नाली बी लटकवीन. लोक घाणीत राहतील आणि मी मत मोजत बसेन. ते बी सोडा. बाई, मी हुकमाच्या कचेरीत वाढलो. खुर्ची आली की माझा आवाज बदलतो. मला ठाव हाय तो आवाज. मी पुन्हा वाचून दाखवायला लागेन."

इतके दिवस मी त्यांना विक्षिप्त समजत होते, प्रेमाने का होईना. त्या संध्याकाळी मला ते नुसते घाबरलेले दिसले, आणि ज्याला ते घाबरत होते तो माणूस त्यांच्याच शेरवानीत बसलेला होता.

मतदान आमच्याच शाळेत होतं. तेव्हा चिठ्ठीवर शिक्का मारायचा नसे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर चिन्ह चिकटवलेलं, आणि आपल्याला हवी त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. सकाळी रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. नवी लुगडी नेसून बायका आल्या होत्या, म्हातारे काठी टेकत आले होते, गल्लीतल्या सगळ्या मोमिनांच्या घरचे आले होते. मालक रांगेच्या शेवटापासून पुढपर्यंत चालत गेले आणि परत आले. त्यांचं स्वतःचं टेबल नव्हतं, म्हणून आडतवाल्यांच्या मांडवात बसून त्यांच्याच माठातलं पाणी पीत होते. चिटणीस दुसरीकडे तोंड करून उभे होते. आडतवाल्यांनी मात्र मालकांसाठी खुर्ची मागवली. दोघं शेजारी बसून आपापल्या भीतीने रांगेकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत पेट्या उघडल्या. बायका लांबच्या लिंबाखाली उभ्या होत्या, त्यात काकू आणि मी. आत मोजणी चालू होती आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी बाहेर येऊन सांगायचं. शिडी पुढे आहे. मग शेटजी पुढे. मग बरोबरीत. काकूंनी माझा हात धरला होता आणि बांगड्या रुतेपर्यंत आवळला होता. शेवटी मोठा गलका झाला. आडतवाले जिंकले होते, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मतांनी.

मालक दारातून बाहेर आले तेव्हा लोकांनी त्यांना सहानुभूतीने वाट करून दिली. आणि ते हसत होते. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, पाठीवरचं पोतं उतरवलेल्या माणसासारखे ते सरळ झाले होते. त्यांनी आडतवाल्यांना मिठी मारली. आडतवाल्यांना घाम फुटला होता, त्यांचं उपरणं ओलं झालं होतं. ते म्हणाले, पेशकारसाहेब, आज कळलं निवडून येणं काय असतं. हार गळ्यात पडायच्या आधी त्यांनी चिटणिसांना सगळ्यांदेखत सांगितलं की ओट्याची नोटीस आधी माझ्यापुढे ठेवा, मी तिच्या विरोधात बोलणार आहे. शिंपी माझ्या मागेच उभा होता. तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पुढच्या महिन्यात माझाही कागद मंजूर झाला. मामांनी काही अडवलं नाही. जिंकल्यावर त्या पक्षाला आमचा राग धरायची गरज उरली नसावी.

मी काकूंबरोबरच घरी आले. त्यांच्या स्वयंपाकघरात चूल पेटवून दिली आणि तिथेच बसले. थोड्या वेळाने मालक आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. "भूक लागली," म्हणाले. काकूंनी भाकरी थापायला घेतली. पहिली भाकरी तव्यावरून थेट ताटात गेली, वर पिठलं. मालक जेवायला लागले. कितीतरी दिवसांनी ते जेवत होते, आणि जेवता जेवता बोलत होते, की कसे थोडक्यात वाचलो, आणखी चारपाच चिठ्ठ्या पडत्या तर मेलो असतो.

काकूंनी पिठाचा हात परातीत पुसला. तव्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "परवा दुपारी तुमी आडवे झाला व्हता, तवा मी घरोघर फिरून आले."

"कशाला?"

"तुमाला पाडायला."

मालकांचा घास हातातच राहिला. मी उठून जावं की काय असं मला झालं. काकूंचा आवाज शांत होता. "बायांना म्हटलं, आमचे मालक इचारायला बरे हायेत, करायला न्हाई. आणि जेवणं सुटलंय त्यांचं. तुमची मतं शेटजीला टाका. नाली झाली न्हाई तर माझ्याकडं या, मी बघते त्याच्याकडं."

"माझ्या विरोधात?" मालक म्हणाले.

"हो. तुमच्याच."

"आणि त्यांनी ऐकलं?"

"काहींनी ऐकलं. काही भांडल्या माझ्यासंगं. पुरेशा निघाल्या."

मालक काकूंकडे बघत राहिले. तव्यावरची भाकरी फुगली, काकूंनी ती उलटली, तरी ते बघतच होते. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते शेरवानीच्या बाहीने पुसत त्यांनी ताट पुढे केलं.

"वाढ," ते म्हणाले. "अजून एक वाढ."